पोटातली चौदा इंजेक्शनं? ती कधीच गेली

कुत्रा चावला की घरात पहिलं वाक्य हेच: ‘आता पोटात चौदा इंजेक्शनं!’ ही भीती अगदीच हवेतली नाही. 1885 मध्ये लुई पाश्चर यांनी नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला रेबीजची लस दिली ती पोटाच्या त्वचेखालीच, तेरा वेळा. पुढेही मेंदूच्या ऊतीपासून बनवलेली लस बरीच वर्षं तशीच टोचली जाई.

आताची लस पेशींवर वाढवलेल्या विषाणूपासून बनते. ती दंडात देतात, लहान मुलांना मांडीत, कुल्ल्यात नाही. डोस चार-पाचच. जखमेतून रक्त आलं असेल, तर तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन जखमेत आणि तिच्या भोवती देतात. ते दुखतं, खोटं कशाला बोला!

या भीतीपायी मुलं चावा लपवतात. पोटरीवर दोन बारीक टिंबं, वर ओढलेला मोजा, आणि ‘पडलो’ एवढंच उत्तर. रेबीजची लक्षणं दिसायला बहुधा दोन-तीन महिने जातात. ती दिसली की उपचार जवळजवळ निरुपयोगी.

म्हणून आधी साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं घड्याळ लावून. मग त्याच दिवशी दवाखाना.