ऑफिस टाकून देऊ का?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे संगणकांच्या बाजारात, ‘टाकणे’ या क्रियापदाला वेगळाच अर्थ होता. विंडोज टाकायचं, हिशेबाचं टॅली टाकायचं, वर्ड-एक्सेलचं ऑफिस टाकायचं. ‘घ्यायचं’ असं कोणी म्हणत नसे. घ्यायचा तो डबा, मॉनिटर, कीबोर्ड. सॉफ्टवेअर चहातल्या साखरेसारखं आपसूक यायचं आणि बिलावर त्याची ओळही नसायची. गेल्या महिन्यात भाचीला बी.कॉम.साठी लॅपटॉप घ्यायला ग्रँट रोडला उतरलो, तेव्हा काउंटरवरच्या मुलानं जुन्या सवयीनं विचारलं, “ऑफिस टाकून देऊ ना?” आणि लगोलग, “ओरिजिनल पाहिजे की चालणारं?” भाची माझ्याकडे बघायला लागली. ‘ओरिजिनल’ आणि ‘चालणारं’ या दोन वेगळ्या वस्तू कशा, हे तिला कळेना. कळायला तिला चाळीसेक वर्षं मागे जावं लागलं असतं.

तेव्हा ‘ऑफिस’ नावाचं एक सॉफ्टवेअर नव्हतंच. लिहायला वर्डस्टार (१९७८), हिशेबाला आधी व्हिजिकॅल्क (१९७९) आणि १९८३पासून लोटस १-२-३, नोंदी ठेवायला डीबेस. हत्यारं वेगळी, कंपन्या वेगळ्या. आपल्याकडे नोव्हेंबर १९८४मध्ये राजीव गांधी सरकारनं संगणक धोरण सैल केलं आणि फोर्ट, नरिमन पॉइंटच्या कचेऱ्यांत पीसी दिसू लागले. दादर-गिरगावातल्या टायपिंग क्लासच्या पाट्यांवर ‘मराठी-इंग्रजी’च्या खाली रंगाऱ्यानं आणखी एक ओळ वाढवली: वर्डस्टार, लोटस, डीबेस. मी परळच्या अशाच एका क्लासला जायचो. बाहेरच्या खोलीत टाइपरायटरांचा खडखडाट, आत एसी खोलीत दोन पीसी. आत जाताना चपला बाहेर काढायच्या, देवघरात जातात तशा. ३६० केबीची सव्वापाच इंची फ्लॉपी घालून ‘डिस्ककॉपी’ असा हुकूम दिला की वर्डस्टार आपलं. मित्राची वही उतरवून घेण्यात जेवढी चोरी, तेवढीच यात आहे, असं आम्हाला वाटायचं. सरांनाही तसंच वाटत असावं, कारण फ्लॉपी तेच द्यायचे.

कायदा मात्र झोपलेला नव्हता. १९८४च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅमला साहित्यकृतीच्या पंगतीला बसवलं होतं. १९९४च्या दुरुस्तीनं कलम ६३ब आणलं. चोरीची प्रत जाणूनबुजून वापरली तर सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळू शकतं. या कलमाची धास्ती मोठ्या कंपन्यांनी घेतली. चाळीतल्या घरगुती पीसीपर्यंत ती कधी पोचली नाही.

मायक्रोसॉफ्टनं वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंट एका खोक्यात घालून ‘ऑफिस’ विकायला सुरुवात केली ती १९८९मध्ये मॅकिंतोशसाठी आणि १९९०मध्ये विंडोजसाठी. तिन्ही सुटी घेण्यापेक्षा खोकं स्वस्त. विंडोज ९५ आल्यावर वर्डस्टार-लोटसची सद्दी संपली. त्याच सुमारास सीडी आल्या आणि लॅमिंग्टन रोडच्या फुटपाथवर प्लॅस्टिकच्या पाऊचमधून अख्खं ऑफिस मिळू लागलं. ते चालू करायचा अक्षर-आकड्यांचा परवाना, म्हणजे ‘की’, कव्हरवर स्केचपेननं लिहिलेला. पीसी जोडून देणारा पोरगा ती सीडी खिशातच घेऊन फिरायचा.

यात एक गंमत आहे. याच कंपनीच्या बिल गेट्सनं १९७६ साली संगणकाच्या हौशी मंडळींना उघडं पत्र लिहून ‘तुम्ही आमचं सॉफ्टवेअर चोरता’ असं खडसावलं होतं. आणि १९९८मध्ये चीनबद्दल बोलताना तोच म्हणाला, की चोरणारच असतील तर आमचंच चोरू देत. सवय लागली की पैसे कसे वसूल करायचे ते पुढच्या दशकात बघू. ते चीनबद्दल होतं, पण ऐकताना मला लॅमिंग्टन रोडच आठवतो. फुकटात आलेलं ऑफिस खरोखर फुकट नव्हतंच. उधारी होती, आणि ती आता भाचीच्या पिढीकडून वसूल होते आहे.

सवय पक्की करायला आपल्या राज्यानंही हातभार लावला. २००१मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन म्हणजे एमकेसीएल स्थापन झालं आणि एमएस-सीआयटीचे वर्ग गल्लोगल्ली निघाले. सरकारी नोकरीसाठी ते सर्टिफिकेट लागू लागलं. अभ्यासक्रमात वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट. एमएस म्हणजे महाराष्ट्र स्टेट. मला मात्र बरेच दिवस ते मायक्रोसॉफ्टच वाटत होतं, आणि मी एकटा नसणार. ज्या राज्यात कारकुनापासून तलाठ्यापर्यंत सगळे एकाच कंपनीचे मेनू पाठ करून परीक्षा देतात, तिथे दुसरं सॉफ्टवेअर कितीही चांगलं आणि फुकट असो, ते ‘वेगळंच’ वाटणार. मी एमकेसीएलला दोष देत नाही. त्यांनी हजारो घरांत पहिल्यांदा माऊस पोचवला. पण ही जाहिरात कंपनीला पैसे मोजून मिळाली नसती.

फुकट आणि कायदेशीर असा पर्याय त्याच वर्षांत तयार होत होता, जर्मनीत. मार्को ब्यॉरिस नावाच्या मुलानं १९८५मध्ये, शाळकरी वयात, स्टार डिव्हिजन ही कंपनी काढली, तिचं ऑफिससारखंच सॉफ्टवेअर म्हणजे स्टारऑफिस. १९९९मध्ये ते सन मायक्रोसिस्टिम्सनं विकत घेतलं. सनमधल्याच एका अधिकाऱ्यानं पुढे सांगितलेलं कारण असं, की ४२ हजार कर्मचाऱ्यांसाठी मायक्रोसॉफ्टची लायसन्सं घेण्यापेक्षा अख्खी कंपनी घेणं स्वस्त पडलं! २०००मध्ये सननं त्याचा कोड कोणालाही बघता-बदलता येईल असा खुला केला आणि ओपनऑफिस जन्माला आलं. २०१०मध्ये ओरॅकलनं सन गिळली, तेव्हा काम करणाऱ्यांपैकी बरेच जण बाहेर पडले आणि सप्टेंबरात त्यांनी लिबरऑफिस सुरू केलं. ओपनऑफिस हे नाव अजून आहे, पण ते २०१४पासून ४.१च्याच पायरीवर बसून आहे. नाव ओळखीचं म्हणून आजही लोक तेच उतरवून घेतात. घ्यायचं तर लिबरऑफिस घ्यावं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात त्याचे धडे मराठीतून ऐकायला मिळतात.

मग ते आपल्याकडे रुजलं का नाही? सवय हे एक कारण झालं. दुसरं कारण मराठीच आहे, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही.

विंडोज २०००बरोबर ‘मंगल’ हा युनिकोड फॉन्ट आला. युनिकोडात देवनागरी अक्षरांना स्वतःचे क्रमांक असतात. त्याआधी आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं मुंबईतलं मराठी काम श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा फॉन्टांत चाले. या फॉन्टांची युक्ती साधी होती: रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवायची. संगणकाच्या लेखी तुम्ही इंग्रजीच टाइप करता. डोळ्याला दिसतं मराठी. कृतिदेवात ‘मराठी’ लिहायचं तर ई, जे, के, कॅपिटल बी, एच या कळा दाबायच्या. फॉन्ट मशीनवर नसला की पडद्यावर तेवढंच उरतं: ई जे के बी एच.

माझ्या वडिलांनी गिरगावातल्या गणेशोत्सव मंडळाचा हिशेब वर्षानुवर्षं एक्सेलमध्ये ठेवला. मागे मी ती फाइल लिबरऑफिसमध्ये उघडली. आकडे सगळे शाबूत: ५०१, २५१, १०१. वर्गणीदारांची नावं मात्र रोमन अक्षरांचा चिवडा. वडील म्हणाले, “बघ, फुकटचं हे असंच असतं.” मी तीच फाइल शेजारच्यांच्या लॅपटॉपवर, पैसे भरलेल्या एक्सेलमध्ये उघडून दाखवली. तिथेही तोच चिवडा. दोष फॉन्टचा, पण दहा वेळा खापर फुटलं लिबरऑफिसवर. शेवटी कन्व्हर्टरमधून नावं युनिकोडात आणली. ‘श्री’ आणि रफार तेवढे हातानं दुरुस्त करावे लागले. तेव्हापासून मंडळ लिबरऑफिसवर आहे. पावत्या छापल्या जातात, हिशेब जुळतो, कोणाची तक्रार नाही.

फाइल इकडून तिकडे गेली की मांडणी विस्कटते, ही तक्रार मात्र खरी आहे आणि तिचाही इतिहास आहे. ऑफिस २००७नं डॉक्स, एक्सएलएसएक्स या नव्या प्रकारच्या फाइल आणल्या आणि काही न निवडता आपोआप येणारा फॉन्ट म्हणून कॅलिब्री ठेवला. कॅलिब्री मायक्रोसॉफ्टचा, म्हणून लिबरऑफिसला तो सोबत देता येत नाही; त्याऐवजी त्याच मापाचा कार्लिटो येतो. तोही नसला की ओळी सरकतात आणि एक पानाचा बायोडेटा दीड पानाचा होतो. फाइल सर्वांना सारखी वाचता यावी म्हणून ओडीएफ हा खुला साचा २००६मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाला. २००८मध्ये मायक्रोसॉफ्टचा साचाही मानक झाला. त्या मतदानात भारतानं विरोधात मत दिलं होतं. पण दिल्लीत मत विरोधात पडलं तरी कॉलेजच्या सूचनेत ‘असाइनमेंट डॉक्समध्येच पाठवावी’ असंच येत राहिलं.

मधल्या काळात विकत घेणंही मागे पडलं आणि भाडं सुरू झालं. ऑफिस ३६५ हे २०११मध्ये कंपन्यांसाठी आणि २०१३मध्ये घरांसाठी आलं. २०२०मध्ये त्याचं मायक्रोसॉफ्ट ३६५ झालं. जानेवारी २०२५मध्ये त्यात कोपायलट हा एआय मदतनीस घातला आणि अमेरिकेत महिन्याचं भाडं तीन डॉलरनं चढवलं. मागितला होता कोणी, ते विचारू नये. गूगलनं २००६पासून ब्राउझरमध्ये फुकट लिहायची सोय केली, चेन्नईच्या झोहो कंपनीनं त्याच्या आदल्याच वर्षी तसाच रायटर आणला. सप्टेंबर २०२५मध्ये केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी आपण झोहोवर जात असल्याचं जाहीर केलं, तेव्हा तो घरोघरी माहीत झाला. आणि विंडोजबरोबर फुकट येणारं साधं वर्डपॅड? ते २०२४च्या विंडोज ११मधून काढून टाकलं.

पूर्वीचं ‘चालणारं’ आता क्रॅकच्या, म्हणजे कुलूप तोडलेल्या प्रतीच्या रूपात येत नाही, पाचशे रुपयांच्या ‘की’च्या रूपात येतं. पुष्कळदा ती कुठल्यातरी कंपनीच्या किंवा संस्थेच्या घाऊक लायसन्समधली असते. मीही एका दुकानातून अशी ‘की’ घेतली होती. आठ महिने छान चालली, मग एके सकाळी वर्डच्या माथ्यावर लाल पट्टी आली. दुकानदार म्हणाला, “साहेब, दुसरी टाकून देतो.”

भाचीसाठी मी लिबरऑफिसची भलामण केली. तिनं शांतपणे फोनवर अभ्यासक्रम दाखवला: प्रॅक्टिकल एक्सेलवर. कॉलेजच्या मेलवर वेब आवृत्ती फुकट मिळते का, ते तिनं वर्गातल्या ग्रुपवर विचारलं. उत्तर आलं, मेल दुसऱ्या सत्रात मिळतील. मग आम्ही थोडा महाग, डब्यावर ‘ऑफिस होम २०२४’ लिहिलेला लॅपटॉप घेतला. दुकानदारांच्या भाषेतलं ‘लाइफटाइम’ ऑफिस म्हणजे त्या मशीनचं आयुष्य, तिचं नव्हे, आणि विंडोज सुरू केल्यापासून १८० दिवसांत ते ऑफिस चालू करून घ्यावं लागतं, हे तिला सांगितलं. ते ज्या मेलवर चालू करतात त्याला कायमचं चिकटतं, हेही. उद्या मशीन फॉरमॅट केलं तर तोच मेल लागतो.

मुलानं डबा फोडला, चार्जर लावला, भराभर पडदे पुढे ढकलले. मेल विचारणाऱ्या रकान्यात त्याची बोटं आपोआप दुकानाचा पत्ता टाइप करायला लागली.

“थांब,” भाची म्हणाली. “तिथे माझा टाक.”