हुंगणे

हुंगणे हे सकर्मक क्रियापद आहे. नाक वस्तूपाशी नेऊन, श्वास मुद्दाम आत ओढून तिचा वास घेणे, हा त्याचा मूळ अर्थ. मालवणीत ‘हुंगूक’, गोव्याच्या कोकणीत ‘हुंगप’. ‘वास घेणे’ हा रोजचा पर्याय, ‘आघ्राण करणे’ पोथीतला. ‘वास येणे’ मात्र पर्याय नव्हे, कारण तिथे कर्ता वास असतो आणि माणसाच्या इच्छेला वावच नसतो. सर्दी झालेला माणूस ‘मला वास येत नाही’ म्हणतो. ‘मला हुंगता येत नाही’ असे कोणी म्हणत नाही. वास सोडणाऱ्या वस्तूसाठी क्रियापदे आणखी वेगळी : फोडणीचा वास सुटतो, मोगरा दरवळतो, मोरी वास मारते.

नेहमीच्या श्वासातली बहुतेक हवा नाकाच्या खालच्या भागातून सरळ फुप्फुसांकडे जाते. गंध टिपणाऱ्या पेशी असतात नाकपोकळीच्या छताशी. हुंगताना घेतलेले आखूड, जोरकस श्वास जास्त हवा तिथवर पोचवतात. माणसात या पेशींवरच्या गंधग्राहकांचे, म्हणजे वासाचे कण पकडणाऱ्या प्रथिनांचे, सुमारे ४०० प्रकार आहेत. त्यांच्या जनुकांचा शोध लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. त्याबद्दल त्यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

कोकण किनाऱ्यावर हुंगणे हे पारखण्याचे काम आहे. अढीतला हापूस बोटाने दाबला तर डाग पडतो, म्हणून जाणते हात फळ उचलून देठाकडून हुंगतात. फणस आधी वाजवून बघतात, मग हुंगतात. मासळीबाजारात कल्ला उचलून रंग पाहिला जातो आणि शंका आली तर मासा नाकाशी जातो. ताज्या समुद्री माशाला दर्याचा हलका वास असतो. मासा मेल्यावर जिवाणू त्याच्या अंगातल्या ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइडचे ट्रायमिथिलअमाइन करू लागतात आणि तो ओळखीचा हिवस वास चढत जातो. माशाला आगळ (कोकमाचा आंबट रस) किंवा लिंबू चोळायची रीत इथे नेमकी लागू पडते : आम्लामुळे या द्रव्याचा क्षार बनतो, तो हवेत उडत नाही आणि नाकापर्यंत येत नाही. पण कोकमाने शिळा मासा ताजा होत नाही. म्हणून हुंगायचे ते आगळ लावण्याआधी.

वासाचे प्रकार सांगणारी विशेषणे मराठीत भरपूर आहेत आणि त्यांतली बरीचशी स्वयंपाकघरात घडलेली दिसतात. भाजलेले खमंग किंवा खरपूस, थोडे पुढे गेले की करपट. जुने खोबरे खवट, उरलेली पेज आंबूस, आषाढात दोरीवर न वाळलेले कपडे कुबट. ‘दर्प’ म्हणजे नाकावर चाल करून येणारा वास, ‘परिमळ’ म्हणजे सुगंध. एवढी संपत्ती असताना सगळ्याला ‘स्मेल येतोय’ म्हणून मोकळे होणे हे भाषेचे मोठे नुकसान आहे.

फुलांच्या बाबतीत या क्रियापदाला एक मर्यादा आहे. हुंगलेले फूल देवाला वाहत नाहीत. ते उष्टे मानतात. वेंगुर्ले तालुक्यात आरवली-शिरोडा भागात उन्हाळ्याच्या तोंडाला सुरंगी फुलते. कळ्या उमलण्याआधी झाडावरून काढायच्या, त्यांचे वळेसर (गजरे) करायचे, अशी तिथली लगबग असते. सुरंगी न हुंगताही अंगणभर कळते, तरी परडीवर वाकणाऱ्या पोराला घरातून दटावणी येतेच : ‘हुंगू नको, देवाची फुलं ती!’ सुरंगीच्या कळ्या सुकल्या तरी त्यांचा वास टिकतो.

शहरी बोलण्यात ‘हुंगणे’ कुत्र्यामांजरांच्या वाट्याला टाकले गेले आहे आणि माणसासाठी ‘वास घेणे’ सभ्य ठरले आहे. हा त्या शब्दावर अन्याय आहे. संस्कृत महाकाव्यांत वडीलधारी माणसे लेकराला जवळ घेऊन त्याचे मस्तक हुंगतात. मराठी पोथ्यांत हेच ‘मस्तकावघ्राण’ म्हणून येते. तान्ह्या बाळाची टाळू हुंगणारी आजी कोकणातल्या घरात आजही दिसते.

‘हुंगवणे’ हे प्रयोजक रूप. फीट आलेल्या माणसाला कांदा किंवा चप्पल हुंगवण्याची चाल अजून आढळते. त्याने फीट थांबत नाही. माणसाला कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला कराव्यात, तोंडात काही घालू नये आणि झटके पाच मिनिटांहून जास्त चालले तर ताबडतोब दवाखाना गाठावा.

लाक्षणिक अर्थ बहुधा तुच्छतेचे : ‘कुत्रंसुद्धा हुंगणार नाही’, ‘हुंगत हुंगत आला’. माग काढण्यासाठी ‘वास काढणे’, कुणकुण लागण्यासाठी ‘वास लागणे’. जुन्या मराठीतले ‘वास पाहणे’ मात्र या कुळातले नाही. त्याचा अर्थ वाट पाहणे. ‘वनवास’, ‘सहवास’ यांतला वासही राहण्याचा, नाकाशी त्याचा संबंध नाही.