संभाजीनगरच्या नहरी: पुनरुज्जीवनाच्या मागणीमागचा इतिहास

छत्रपती संभाजीनगरच्या नहरी, म्हणजे जमिनीखालून शहरात पाणी आणणारे जुने जलमार्ग, साफ करून त्यांचा काही भाग पर्यटकांना खुला करावा, ही मागणी गेली काही वर्षे अधूनमधून पुढे येते. तिची मुळे सतराव्या शतकापेक्षा गेल्या पन्नास वर्षांत अधिक आहेत. खडकी, म्हणजे आजचे हे शहर, वसवणाऱ्या मलिक अंबर या निजामशाहीच्या हबशी वजिराने 1617 च्या सुमारास नहर-ए-अंबरी करवून घेतली, पुढे त्याच पद्धतीच्या आणखी नहरी निघाल्या आणि त्यांतल्या एकीच्या पाण्यावर पाणचक्की फिरू लागली, एवढे इथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते.

नहरींचे दिवस फिरले ते जायकवाडीमुळे. 1965 मध्ये पायाभरणी झालेल्या या धरणाचे 1976 मध्ये लोकार्पण झाले आणि पुढे पैठणहून येणारे पाणी हाच शहराचा मुख्य आधार ठरला. ते विजेच्या पंपांनी चढवून आणावे लागते. नहरीचे पाणी केवळ उताराने येत असे आणि वाटेतल्या बंब्यांमध्ये, म्हणजे मार्गावर बांधलेल्या उभ्या मनोऱ्यांमध्ये, त्याचा दाब व कोंडलेली हवा मोकळी होत असे. नहरींना कोणी समारंभपूर्वक निरोप दिला नाही, त्या फक्त हिशेबातून गळाल्या. शहर हर्सूलच्या दिशेने पसरले, नहरींच्या मार्गावर घरे आणि रस्ते आले, बंबे ढासळले किंवा पाडले गेले, काही ठिकाणी सांडपाणीही आत झिरपू लागले.

वाद आहे तो पुनरुज्जीवनाच्या हेतूचा. एका पक्षाच्या दृष्टीने नहर हे स्मारक आहे. उरलेले बंबे दुरुस्त करावेत, माहितीफलक लावावेत, बोगद्याचा एखादा भक्कम टप्पा साफ करून दिवे बसवावेत, म्हणजे वेरूळ-अजिंठ्याला जाणारा प्रवासी शहरात एक दिवस जास्त थांबेल. 2023 च्या फेब्रुवारीत येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय बैठकीच्या निमित्ताने शहरात जी सजावट झाली, तिने या विचाराला बळ दिले. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, नहर डोंगरउतारावर मुरलेल्या पाण्यावर जगते, त्यामुळे त्या परिसरातील कूपनलिका आणि बांधकामे यांना आळा घातल्याशिवाय केलेली साफसफाई म्हणजे कोरडा बोगदा झाडणे होय. उन्हाळ्यात पाणचक्कीचा हौद आटतो तेव्हा या म्हणण्यातले तथ्य कोणालाही दिसते. पर्यटनाचा पक्ष खोटा नाही. पण त्याचे काम उद्घाटनापर्यंत पोहोचते आणि पाणलोटाचे काम फाइलीत राहते, कारण पाणलोटावर फीत कापता येत नाही.

ब्रिटनमधील जुने कालवे मालवाहतुकीसाठी खोदलेले असल्यामुळे त्यांच्या पुनरुज्जीवनासाठी तेथे सहलीच्या नावा सोडून भागले. येथे तो दाखला फारसा लागू पडत नाही. जवळचा दाखला बुऱ्हाणपूरच्या कुंडी भंडारा या भूमिगत जलमार्गाचा आहे. तो 1615 च्या सुमाराचा, म्हणजे जवळपास अंबरीच्याच वयाचा. त्यातून आजही पाणी वाहते आणि पर्यटक कुंडीतून, म्हणजे विहिरीसारख्या उभ्या विवरातून, खाली उतरून ते वाहताना पाहतात. बिदरजवळच्या नौबाद येथील बहमनी काळातील भूमिगत जलमार्गही गेल्या दशकात गाळ काढून मोकळा करण्यात आला. संभाजीनगरात मात्र उगमाकडची जमीन, मधला वस्तीखालचा मार्ग आणि शहरातील वास्तू यांचा ताबा निरनिराळ्या हातांत आहे, त्यामुळे दुरुस्तीचा प्रस्ताव कोणी मांडला तरी तो नहरीच्या एका तुकड्यापुरताच असतो.