हाय-गेन व्हॉल्व्ह गिटार ॲम्पमधून स्वच्छ आवाज मिळवण्यासाठी

सप्रेम नमस्कार. ‘क्लीन आवाज फाटतो’ या तक्रारीसह आमच्याकडे येणाऱ्या काही ॲम्पांमध्ये बिघाड असा नसतोच. ॲम्प बाकावर घेतला की गेन (सुरुवातीच्या टप्प्यांत सिग्नल किती वाढावा हे ठरवणारा नॉब) सातवर आणि मास्टर (एकूण आवाज ठरवणारा नॉब) एकवर लावलेला दिसतो. आवाज फाटतो तो मास्टरच्या आधीच्या टप्प्यांत, त्यामुळे मास्टर कितीही खाली आणला तरी फाटलेलाच आवाज फक्त हळू ऐकू येतो.

उदाहरण म्हणून मार्शलचा जेसीएम ८०० मालिकेतील १०० वॅटचा २२०३ हा ॲम्प घेऊ. यात वेगळे क्लीन चॅनेल नाही. ‘हाय’ इनपुटमधून आलेला सिग्नल पहिल्या व्हॉल्व्हच्या (सिग्नल वाढवणाऱ्या काचेच्या नळीच्या) एका अर्ध्या भागातून वाढून गेनच्या पॉटवर (नॉबमागच्या बदलत्या रेझिस्टरवर) येतो आणि तिथून त्याच व्हॉल्व्हच्या दुसऱ्या भागात जातो, जो मुद्दाम लवकर फाटेल असाच बांधलेला आहे. ‘लो’ इनपुट मात्र पहिला टप्पा वगळून थेट गेनच्या पॉटवर येते. म्हणून पहिला उपाय अगदी साधा आहे : गिटार ‘लो’मध्ये लावावी, गेन दोन-तीनवर ठेवावा आणि हवा तेवढा आवाज मास्टरने वाढवावा.

‘हाय’ इनपुटच वापरायचे असल्यास गिटारचा व्हॉल्यूम पाच-सहापर्यंत खाली आणावा. आमच्या मते हीच सर्वांत चांगली सवय आहे, कारण त्याच एका नॉबने गाणे चालू असतानाही स्वच्छ आणि फाटका, दोन्ही आवाज हाताशी राहतात. सी मेजर कॉर्ड सावकाश छेडून पाहावा. छेडलेली प्रत्येक तार वेगळी ऐकू येईपर्यंत व्हॉल्यूम उतरवत जावा. व्हॉल्यूम उतरवल्यावर आवाज बसका वाटू लागला, तर गिटारच्या व्हॉल्यूम पॉटवर एक लहान कपॅसिटर आणि रेझिस्टर जोडून वरचे स्वर टिकवता येतात. हंबकर पिकअप (तारांचे कंपन टिपणारे दोन कॉइलचे भाग) तारांच्या फार जवळ असल्यास तेही स्क्रूने थोडे खाली करावेत.

गेन कमी केल्यावर याच ॲम्पचा आवाज अनेकांना कर्कश वाटतो, आणि ते खरेच आहे. गेनच्या पॉटवर १००० पिकोफॅरॅडचा ब्राइट कपॅसिटर असतो. पॉट जितका खाली, तितके उंच स्वर त्या कपॅसिटरमधून अधिक प्रमाणात निसटून पुढे जातात आणि खालचे स्वर मागे राहतात. ट्रेबल आणि प्रेझेन्स हे उंच स्वरांचे नॉब खाली आणल्याने बराच फरक पडतो. तेवढ्याने समाधान न झाल्यास तो कपॅसिटर कमी मूल्याचा बसवता येतो. मूळचा भाग जपून ठेवावा, म्हणजे पुढे ॲम्प पूर्ववत करता येईल.

एवढे करूनही गेन जास्तच वाटत असेल, तर पहिला व्हॉल्व्ह बदलून पाहावा. मूळचा ईसीसी८३, म्हणजेच १२एएक्स७, याचा वर्धनांक (सिग्नल वाढवण्याची क्षमता दाखवणारा आकडा) १०० असतो. त्याच सॉकेटमध्ये बसणाऱ्या ५७५१ चा ७०, १२एटी७ चा ६० आणि १२एयू७ चा साधारण २०. आम्ही प्रथम ५७५१ सुचवतो, कारण १२एयू७ लावल्यावर ‘हाय’ इनपुटचा जोरच निघून गेल्यासारखा वाटतो.

पहिला व्हॉल्व्ह बदलण्यासाठी चासी (आतले भाग बसवलेली धातूची पेटी) उघडावी लागत नाही. ॲम्प बंद करून, वायर काढून आणि व्हॉल्व्ह पूर्ण निवू देऊन मागची फळी काढली की तो हाती लागतो. चासी मात्र कृपया कोणीही घरी उघडू नये. ४०० व्होल्टपेक्षा अधिक दाब ॲम्प बंद केल्यानंतरही आतल्या फिल्टर कपॅसिटरमध्ये साठून राहू शकतो आणि तो जीवघेणा आहे. स्पीकर जोडल्याशिवाय ॲम्प कधीही वाजवू नये. त्याने आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आउटपुटचे ईएल३४ व्हॉल्व्ह बदलताना बायस (व्हॉल्व्हमधून वाहणाऱ्या स्थिर प्रवाहाची जुळणी) तपासून घ्यावाच लागतो, तेव्हा ते काम आमच्याकडे द्यावे.

तपासणीसाठी ॲम्प आणताना आपली नेहमीची गिटार आणि केबलही सोबत आणावी. दुसऱ्याच गिटारवर जुळवलेला क्लीन आवाज आपल्या पिकअपवर पुन्हा फाटू शकतो.