निद्राश्वासरोधाची यंत्रे व रात्रीचे ऑक्सिजनमापन

निद्राश्वासरोधाची यंत्रे व रात्रीचे ऑक्सिजनमापन : झोपेत घशाचा मार्ग वारंवार मिटून श्वास अडत असेल, तर हवेच्या दाबाने तो मार्ग उघडा ठेवणारे यंत्र म्हणजे सीपॅप, आणि रात्रभर बोटाला राहून रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण नोंदवणारे साधन म्हणजे नोंद ठेवणारा ऑक्सिमीटर. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागातील मराठी घरांत कोरोनाच्या साथीपासून बोटाला लावायचा ऑक्सिमीटर ओळखीचा झाला. त्याच काळात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारे यंत्र, हेही पाहण्यात आल्यामुळे सीपॅपलाही सरसकट ‘ऑक्सिजनचे मशीन’ म्हटले जाते. हा गैरसमज आधी दूर करणे आवश्यक आहे. सीपॅप ऑक्सिजन देत नाही. ते खोलीतलीच हवा गाळून थोड्या दाबाने नाकातोंडात सोडते. उलट, श्वास अडणाऱ्या माणसाला तपासणीविना नुसता ऑक्सिजन लावला तर घसा मिटायचे थांबत नाही, श्वास अडण्याचा काळ लांबू शकतो आणि काही रुग्णांत रक्तातील कार्बन डायऑक्साइड धोकादायक पातळीपर्यंत वाढतो.

जागेपणी घशाचे स्नायू ताठ असतात. झोपेत ते सैलावतात, जीभ मागे सरकते आणि अरुंद घशात हवेची वाट बंद होते. दहा सेकंद किंवा अधिक काळ हवा थांबली तर त्याला श्वासरोध म्हणतात. प्रवाह बराच घटून ऑक्सिजन उतरला किंवा झोप चाळवली तर तो अल्पश्वसनाचा प्रसंग धरतात. दोन्हींची दर तासाची बेरीज म्हणजे एएचआय. प्रौढांत हा आकडा ५ ते १५ असल्यास विकार सौम्य, १५ ते ३० असल्यास मध्यम आणि ३० किंवा त्याहून अधिक असल्यास तीव्र समजतात. घोरणे ही याची बोलकी खूण होय. घोरण्याला कन्नडमध्ये ‘गोरके’ म्हणतात, आणि रुग्णाची हकीकत दोन्ही भाषांत बहुधा घरच्या माणसाच्या तोंडूनच येते : घोरणे मध्येच तुटते, घर शांत होते, आणि मग मोठा हिसका देऊन श्वास परततो. डॉक्टरांकडे जाताना ही शांतता ऐकलेल्या माणसाने सोबत यावे. स्त्रिया पुष्कळदा घोरण्याऐवजी थकवा, सकाळची डोकेदुखी किंवा झोप न लागणे सांगतात, त्यामुळे त्यांचे निदान मागे पडते. ही चूक आजही घडते.

ऑक्सिमीटरचे तत्त्व जपानमधील ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडले. सुमारे ६६० नॅनोमीटरचा लाल व ९४० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश बोटातून पार जाताना ऑक्सिजनयुक्त व ऑक्सिजनरहित रक्त त्यांना वेगवेगळ्या प्रमाणात शोषते. नाडीच्या प्रत्येक ठोक्यागणिक होणाऱ्या बदलावरून टक्केवारी काढली जाते. घरातला साधा ऑक्सिमीटर त्या क्षणाचा आकडा दाखवतो, पण रात्रीची नोंद ठेवत नाही. रात्रीसाठी दर एक ते चार सेकंदांना आकडा साठवणारे, मनगटाला बांधायचे किंवा अंगठीसारखे घालायचे साधन लागते. विकत घेताना ‘नोंद साठते का, आणि ती आलेखाच्या रूपाने बाहेर काढता येते का’ एवढे दोन प्रश्न विचारले तरी निम्मी निवड होते. नखाचे पॉलिश काढावे, मेंदीने गडद झालेले बोट टाळावे, कमी वापराच्या हाताचे बोट घ्यावे आणि ते गरम असावे. खानापूरच्या पावसाळी गारठ्यात थंड पडलेल्या बोटावर आकडा डळमळतो. सावळ्या त्वचेवर हे साधन खऱ्यापेक्षा किंचित जास्त ऑक्सिजन दाखवू शकते, हेही ध्यानात ठेवावे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असले तरी एवढ्या उंचीने निरोगी माणसाचा ऑक्सिजन लक्षात येण्याइतका उतरत नाही.

सकाळी पाहायचा तो एकच नीचांक नव्हे, तर आलेखाचा आकार. घसा मिटण्याच्या विकारात रेघ करवतीच्या दातांसारखी दिसते : ९६ वरून ८८, पुन्हा ९५, पुन्हा ८६, असे रात्रभर. दर तासाला तीन किंवा चार टक्क्यांनी किती वेळा घसरण झाली हा ओडीआय, आणि ९० टक्क्यांखाली एकूण किती वेळ गेला हा दुसरा उपयुक्त आकडा. कूस बदलताना बोटावरून साधन सरकले तर एकटाच खोल खड्डा उमटतो. त्याने घाबरू नये. याउलट रेघ दात न पाडता तासन्‌तास ९० च्या खाली सपाट राहिली, तर फुप्फुसांचा जुना आजार किंवा अतिस्थूलतेमुळे उथळ झालेले श्वसन यांचा विचार करावा लागतो. निपाणी भागात तंबाखूची धूळ व विडी, आणि खेड्यांत चुलीचा धूर यांत आयुष्य गेलेल्या माणसांच्या बाबतीत हा भेद विशेष महत्त्वाचा आहे, कारण दोन्ही विकार एकत्र असतील तर उपचार बदलतो. ऑक्सिमीटर संशय बळकट करतो, निदान पुरे करत नाही. सडपातळ व्यक्तीची झोप श्वास अडल्याने शंभरदा चाळवूनही ऑक्सिजन फारसा उतरत नाही. आणि श्वास घसा मिटल्याने थांबला की मेंदूकडून आज्ञाच न आल्याने, हे बोटावरून कळत नाही. त्यासाठी घरची किंवा रुग्णालयातील निद्राचाचणी, म्हणजे ‘स्लीप स्टडी’, करावी लागते.

सीपॅपचा शोध ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे कॉलिन सुलिव्हन यांनी लावला. १९८० मध्ये त्यांनी व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरीवर बेतलेल्या यंत्राने रुग्णाच्या नाकात हवा सोडली आणि पुढील वर्षी ती पद्धत प्रसिद्ध केली. आजच्या यंत्रांचा दाब सहसा पाण्याच्या ४ ते २० सेंटिमीटर स्तंभाइतका असतो. दहा सेंटिमीटर म्हणजे वातावरणाच्या दाबाचा जेमतेम एक टक्का. एवढा हलका आधार घसा उघडा ठेवायला पुरतो. ठरावीक दाबाचे यंत्र रात्रभर एकच दाब देते, तर स्वयंचलित यंत्र घसा मिटू लागल्याची चाहूल घेऊन दाब कमीजास्त करते. बायपॅप श्वास घेताना जास्त व सोडताना कमी दाब देते. कार्बन डायऑक्साइड साठणाऱ्या रुग्णांना ते लागते. ‘महाग आहे म्हणजे चांगले असेल’ म्हणून कोणी बायपॅप घेऊ नये. मेंदूकडून येणाऱ्या श्वासरोधासाठी आणखी एक प्रकार, श्वासागणिक आधार कमीजास्त करणारे एएसव्ही, वापरला जातो. पण २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्व्ह-एचएफ या अभ्यासात, हृदयाची पंपक्षमता ४५ टक्के किंवा कमी असलेल्या अशा रुग्णांत त्याने हृदयविकाराने होणारे मृत्यू वाढल्याचे दिसले. यंत्राची निवड चाचणीच्या अहवालावरून का व्हावी, याचे याहून स्पष्ट उदाहरण देता येणार नाही.

तरीही उपचार यंत्रावर अडतो त्याहून अधिक मास्कवर अडतो. मास्क तीन प्रकारचे असतात : नाकपुड्यांत टेकणारा, नाकावर बसणारा, आणि नाक व तोंड दोन्ही झाकणारा. दुकानात खुर्चीवर बसून चपखल वाटलेला मास्क आडवे झाल्यावर गाल सैलावताच फुसफुसू लागतो. म्हणून तो यंत्र चालू ठेवून, आडवे होऊन, कुशीवर वळून पाहिल्याशिवाय घेऊ नये. दाट मिशी ही या भागातील खास अडचण आहे. नाकावरच्या मास्कची कड मिशीवर टेकते आणि हवा वर डोळ्यांत जाते. अशा वेळी नाकपुड्यांत टेकणारा प्रकार बरा पडतो. गळती दिसली की पट्टे करकचून आवळण्याची ओढ होते. त्याने नाकावर घट्टे पडतात आणि गळती वाढतेच. कोणाचे नाक चोंदलेले असेल तर आधी त्याचा उपचार करावा. शक्य असल्यास आठवडा-दोन आठवडे भाड्याने घेऊन मग खरेदी करावी. जुने यंत्र घ्यायचे असल्यास वापराचे तास व कंपनीने ते परत मागवले आहे का, हे पाहावे. जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीने आवाजरोधक फोम झिजण्याच्या कारणाने अनेक यंत्रे परत मागवली होती.

यंत्र घरी आल्यावर पहिले आठ दिवस कठीण जातात. सायंकाळी बातम्या पाहताना अर्धा तास मास्क लावून बसण्याची सवय केल्यास रात्रीची घालमेल कमी होते. यंत्र स्वतःच वापराचे तास, गळती व यंत्र लावूनही उरलेला एएचआय नोंदवते. एएचआय ५ च्या खाली असणे हे सर्वसाधारण लक्ष्य होय. २०१६ च्या सेव्ह या मोठ्या अभ्यासात हृदयविकाराचे झटके व पक्षाघात सीपॅपने कमी झाले नाहीत, मात्र त्यातील सरासरी वापर रात्री केवळ ३.३ तास होता. दिवसाची झोपाळू अवस्था व मनःस्थिती यांत मात्र सुधारणा दिसली. पुणे–बेंगळूरु महामार्गावर रात्रीचे ट्रक चालवणाऱ्यांसाठी ती सुधारणाच जिवाची राखण आहे.

यंत्रातील हवा दमट करणाऱ्या बाष्पकाच्या भांड्यात शुद्धोदक, म्हणजे डिस्टिल्ड वॉटर, घालावे. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर तळाशी धरतो, आणि उकळल्याने जंतू मरतात तरी क्षार तसेच राहतात. पावसाळ्यात थंड खोलीत नळीत पाणी जमून गुडगुड आवाज येतो. तेव्हा बाष्पकाची उष्णता कमी करावी किंवा नळीवर कापडी आवरण चढवावे. ऊसगाळपाच्या हंगामात कारखान्याच्या परिसरात काजळी उडते, त्यामुळे गाळणी महिन्यातून एकदा तरी उजेडात धरून पाहावी. वादळी पावसात हेस्कॉम या वीज कंपनीचा पुरवठा तासन्‌तास बंद राहिला तर घरगुती इन्व्हर्टर पुरतो. बाष्पक बंद ठेवून यंत्र साधारण ३० ते ६० वॅट घेते आणि सुस्थितीतील १५० अँपिअर-तासांची बॅटरी दुसरा भार नसेल तर रात्र सहज काढते. वीज गेली तरी नाक व तोंड दोन्ही झाकणाऱ्या मास्कमधील झडप बाहेरची हवा आत घेऊ देते, त्यामुळे गुदमरण्याची भीती बाळगू नये. सौंदत्तीच्या यल्लम्मा जत्रेला किंवा पंढरीच्या वारीला जाताना मात्र मुक्कामी वीज आहे का हे आधी विचारावे, आणि नसल्यास वेगळी बॅटरी न्यावी.

सीपॅप स्थिरावल्यावर एखाद्या रात्री पुन्हा ऑक्सिमीटर लावून पाहणे उपयोगाचे ठरते. गळती नाही, एएचआयही कमी आहे, तरी रेघ ९० च्या खालीच राहिली तर डॉक्टर यंत्राच्या नळीत ऑक्सिजन जोडायला सांगू शकतात. त्या वेळी क्रम चुकवू नये : आधी सीपॅप सुरू करावे, मग ऑक्सिजन, बंद करताना आधी ऑक्सिजन, मग सीपॅप. अशा खोलीत देवघरातली समई, उदबत्ती किंवा विडी पेटती ठेवू नये.