पगारातला व्यवसाय कर आणि गावाकडचं काम

दरमहा 200 रुपये, फेब्रुवारीत 300. महाराष्ट्रातल्या लाखो नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर असा कापला जातो. 1975 साली तो लागू झाला तो रोजगार हमी योजनेला पैसा पुरवण्यासाठी, याची आठवण आज फार थोड्यांना असेल.

दुष्काळात कामं काढायची रीत त्याहून जुनी. 1876-78 च्या दुष्काळात इंग्रज सरकारने कालवे आणि तलावांची कामं काढली. पण दुष्काळ पाहणीसाठी सरकारने नेमलेले अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी मजुरी इतकी खाली आणली, की दिवसभर राबणाऱ्या माणसाच्या हाती पौंडभर धान्य आणि वर किरकोळ पैसे पडत. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी काम सोडून विरोध केला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. तरी काम ही मेहेरबानीच राहिली. पाऊस पडला की ती संपे.

ही मेहेरबानी हक्कात बदलावी, हा ध्यास विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांचा. साठच्या दशकात त्यांच्या तासगाव तालुक्यात, विसापूरला, त्याचा प्रयोग झाला. 1972 साली योजना जाहीर झाली, तोच मोठा दुष्काळ कोसळला. 1973 च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवरचे मजूर 50 लाखांच्या घरात गेले. खडी फोडणारे हात आणि कामावर मिळणारी सुकडी, म्हणजे पिठाचा कोरडा पौष्टिक खाऊ, त्या पिढीच्या अजून स्मरणात आहे.

1977 चा रोजगार हमी कायदा 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. काम मागितल्यावर 15 दिवसांत द्यायचं, नाहीतर बेकारी भत्ता. कामावर पिण्याचं पाणी, सावली, लेकरांसाठी पाळणाघर. बाई-पुरुषांना सारखाच दर. म्हणूनच मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, बायकांची नावं एवढी दिसू लागली. आणि व्यवसाय करातून जेवढी रक्कम जमेल, तेवढीच आणखी राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची. माझ्या मते या कायद्याचा खरा कणा हाच: दर दुष्काळात नव्याने पैशासाठी हात पसरायला नको.

एक सल मात्र राहिली. पाझर तलाव खोदला भूमिहीनांनी, पण पाणी वाढलं ते ज्याची विहीर होती त्याचं.

2005 च्या केंद्रीय कायद्याने देशभर वर्षाला 100 दिवसांच्या कामाची हमी दिली. त्यापुढच्या दिवसांच्या मजुरीचा भार महाराष्ट्राने स्वतःकडेच ठेवला, आणि व्यवसाय करही.