धमनी बंद झालेल्या डोळ्याचा स्कॅन : येताना पहिली फाइल आणा

डोळ्याच्या पडद्याची धमनी बंद झाली की डॉक्टर ओसीटी स्कॅनसाठी (प्रकाशाने पडद्याचे थर दाखवणाऱ्या तपासणीसाठी) आमच्या स्कॅन केंद्राकडे चिठ्ठी देतात आणि काउंटरवर प्रश्न येतो, "नजर परत येईल काय?" स्कॅनवरून याचा बराचसा अंदाज बांधता येतो. मात्र त्यासाठी पहिल्या एक-दोन दिवसांत काढलेला स्कॅन समोर लागतो, आणि नेमका तोच घरी राहिलेला असतो.

आधी एक तातडीची गोष्ट. एका डोळ्याने अचानक, काहीही न दुखता दिसेनासे झाले तर वेळ घ्यायला आम्हाला फोन करू नका. 108 ला फोन करा किंवा थेट बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आपत्कालीन विभागात जा. याला डॉक्टर मेंदूच्या झटक्याइतकेच गंभीर धरतात. रक्त नसताना पडदा जेमतेम काही तास तग धरतो. थोड्या वेळात पुन्हा दिसू लागले तरी जायचेच.

आता पहिल्या स्कॅनचे. ही धमनी पडद्याच्या आतल्या थरांना रक्त पुरवते. ते अडले की हे थर फुगतात आणि स्कॅनवर पांढरट दिसतात. सूज जितकी जास्त आणि थरांमधल्या रेषा जितक्या पुसलेल्या, तितकी आशा कमी. मधल्या थरात नुसता पांढरा पट्टा असेल आणि बाकीचे थर वेगळे ओळखू येत असतील, तर आशा बरी. काहींना जन्मतःच एक जादा बारीक धमनी असते. तिने मध्यभागाचे रक्त चालू ठेवले असेल तर समोरचे बऱ्यापैकी दिसत राहते.

पुढच्या काही आठवड्यांत ही सूज उतरते, आणि इथेच लोक फसतात. रक्ताविना मेलेल्या पेशी विरत जाऊन पडदा पातळ होतो. जाडकडून पातळकडे जाताना तो मध्ये कधीतरी 'नॉर्मल' जाडीतूनही जातो. त्या आठवड्यात स्कॅन काढला तर जाडीचा रंगीत नकाशा हिरवा, म्हणजे 'नॉर्मल' येतो, घरचे खूश होतात, आणि रुग्णाला मात्र समोरची बोटे मोजता येत नाहीत! जुनी फाइल जवळ असली की हा हिरवा रंग फसवा आहे हे आमच्या तंत्रज्ञाला लगेच कळते. ती नसली की आधीच्या दवाखान्याला फोन लावण्यात तुमची सकाळ जाते, आमचीही. आणि उतरलेली सूज पुन्हा कोणाला टिपता येत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो चालत नाही. त्यात एखादाच छेद दिसतो. मशीन डझनावारी छेद घेते. मूळ फाइल पेनड्राइव्हवर मागून घ्या. आमच्याकडे काढलेल्या स्कॅनची फाइल तुम्ही न मागताही आम्ही देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. शक्यतो पुढचे स्कॅनही त्याच मशीनवर करा, मग ते आमचे असो वा दुसऱ्याचे. कंपनीगणिक जाडी मोजायची पद्धत निराळी, त्यामुळे दोन मशीनचे आकडे जुळत नाहीत.

"शेजाऱ्याला इंजेक्शनने गुण आला, मग आम्हाला का नाही?" त्यांची बहुधा शीर (रक्त परत नेणारी वाहिनी) बंद झाली होती, धमनी नव्हे. तिथे पडद्यात पाणी साचते, ते इंजेक्शनने कमी होते. इथली सूज त्या जातीची नाही.

दोन्ही डोळ्यांचा स्कॅन का, अशी तक्रार असते. चांगला डोळा हेच तुमचे स्वतःचे माप, म्हणून. रिपोर्टवर आम्ही 'इतके टक्के दिसेल' असे लिहीत नाही, कितीही आग्रह झाला तरी. सांगायचे ते तुमचे डॉक्टर तपासून सांगतील.

त्यांनी दिलेली पुढची तारीख "चवथ झाल्यावर बघू" म्हणून ढकलू नका. काही डोळ्यांत आठवड्यांतच बुबुळावर नव्या रक्तवाहिन्या वाढून डोळ्यातला दाब चढतो.

बाहुली लहान असेल तर थेंब घालावे लागतात आणि चार-सहा तास अंधुक दिसते. स्कूटर घरी ठेवा, कोणाला तरी सोबत घ्या, नाहीतर पायलट (मोटरसायकल टॅक्सी) करून या. सकाळची वेळ हवी असल्यास आदल्या दिवशी फोन करा.